शैक्षणिक कर्जावरची दुसरी सही

नमस्कार. ऐरोलीच्या या सभागृहात आज पालकांबरोबर बरेच काका, मामा आणि आत्याही आलेल्या दिसतात. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, कारण भाचीच्या किंवा पुतण्याच्या शिक्षणासाठी खाजगी वित्त कंपनीचे कर्ज घ्यायचे ठरले की दुसरी सही बहुधा त्यांच्याकडे मागितली जाते.

पतपेढीच्या कर्जाला एकमेकांना जामीन राहणे आपल्याकडे जुनेच आहे आणि त्या सवयीने आपण इथेही शब्दाखातर सही करून मोकळे होतो. पण खाजगी कंपनीच्या कागदावर ही सही बहुतेक वेळा सहकर्जदाराची असते, म्हणजे ते कर्ज पहिल्या दिवसापासून तुमचेही असते. नुसते जामीनदार असलात तरी फारसा फरक पडत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे ‘आधी मुलाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे म्हणण्याची सोय सहसा उरत नाही. शिवाय आता आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो दिला की चाळीस-पन्नास पानांच्या करारावर सही उमटते. पोळ्या लाटता लाटता तो आकडा सांगणारी आत्या आपण कशाला बांधली गेलो हे वाचणार कधी?

थोडा हिशेब मांडतो. दहा लाखांचे कर्ज, १२ टक्के व्याज, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढे एक वर्ष हप्ते न भरण्याची सवलत असे धरा. सगळी रक्कम सुरुवातीलाच दिली गेली आणि तीन वर्षे साधे व्याज साचत राहिले, तर परतफेड सुरू होताना डोक्यावर १३ लाख ६० हजार असतात, आणि दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता साडेएकोणीस हजारांच्या घरात जातो. मुलीला नोकरी उशिरा लागली तर हा हप्ता मामाने भरायचा आहे. तो चुकला की थकीत दिवसांची नोंद दोघांच्याही सिबिल अहवालात होते, आणि नव्वद दिवसांच्या पुढे खाते बुडीत वर्गात जाते. हप्ते वेळेवर गेले तरीही, घोडबंदर रोडला स्वतःचे घर घ्यायला निघालेल्या मामाची कर्जाची पात्रता मोजताना बँक हा हप्ता त्याच्याच नावावर धरू शकते. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकराची सवलत (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०ई) स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा कायदेशीर पालकत्वाखालील विद्यार्थ्याच्या शिक्षणाला आहे. भाचीचे व्याज भरणाऱ्या मामाला ती मिळत नाही. मला हे फार अन्यायाचे वाटते, पण नियम तसा आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की खाजगी कंपनीकडे जाण्याआधी बँकेचे दार ठोठवावे. केंद्राच्या पतहमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय आणि तिऱ्हाईत जामीनदाराशिवाय मिळू शकते, आई-वडील सहकर्जदार असले की पुरते. आणि निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली आहे. मामाला मध्ये आणण्याची गरज इथेच संपू शकते.

तरीही सही करायचीच असेल, तर कराराआधी मिळणारे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मागून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक खर्चाचा एकूण दर आणि सगळी शुल्के पाहा, आणि शिकत असतानाच व्याज भरायचे आहे का, हे करारातून स्पष्ट करून घ्या. कर्जाएवढा विद्यार्थ्याचा मुदत विमा काढायला लावा. हा विषय काढताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. पण मुलाचे बरेवाईट झाले तर उरलेले कर्ज सहकर्जदाराकडेच येते, आणि त्या दुःखात वसुलीचे फोन कोणी घेऊ नयेत.

हप्ता कोणी, कोणत्या खात्यातून भरायचा हे घरातच लिहून ठेवा, आणि कर्जखात्याचे संदेश तुमच्याही मोबाइलवर येतील अशी नोंद करून घ्या. सिबिलसारखी प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देते. तो मागवा आणि कर्जाची नोंद बरोबर आहे ना, हे दरवर्षी पाहा. मुलीची नोकरी स्थिर झाली की तुमचे नाव वगळण्याचा लेखी अर्ज करा. कंपनी तो मान्य करेलच असे नाही, म्हणून नाव वगळण्याच्या अटी सही करण्यापूर्वीच विचारून, लेखी घेऊन ठेवा.