पाऱ्याचा कारखाना डोंगरावर का आला?

श्रोतेहो, नमस्कार.

ताप मोजण्याचा काचेचा थर्मामीटर हातातून निसटून फुटला आणि पाऱ्याचे चंदेरी मणी फरशीभर पळाले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात एकदा तरी पाहिले असेल. कागदाच्या घडीवर ते गोळा करायला जावे, तर एकाचे दोन होत आणि कपाटाखाली दिसेनासे होत. त्या नळीत पारा असे जेमतेम एक ग्रॅम. घाण करणारे कारखाने श्रीमंत देशांतल्या कडक पर्यावरण कायद्यांपासून पळून ढिलाई असलेल्या गरीब देशांत येतात, असे म्हटले जाते. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी असे थर्मामीटर लाखोंनी तयार करणाऱ्या एका कारखान्याची गोष्ट मी आज सांगणार आहे.

हा कारखाना मूळचा अमेरिकेतला, न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन गावचा. चेझब्रो-पाँड्स या कंपनीने १९८३ साली तो तिथून हलवला आणि तामिळनाडूत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या कोडाईकनालला आणला. १९८७ साली ही कंपनी युनिलिव्हरच्या ताब्यात गेली आणि पुढे कारखाना हिंदुस्तान लिव्हरकडे आला. आता हिशेब पाहा. पारा येई मुख्यतः अमेरिकेतून, काचही बाहेरूनच येई आणि तयार थर्मामीटर सगळे परदेशी जात. कच्चा माल इथला नाही, गिऱ्हाईकही इथले नाही. पुन्हा सांगतो, कच्चा माल इथला नाही आणि गिऱ्हाईकही इथले नाही. डोंगरावर उरत होती ती फुटकी काच, कामगारांच्या श्वासात जाणारी पाऱ्याची वाफ आणि पांबर शोलाच्या जंगलात झिरपणारा पारा.

२००१ च्या मार्च महिन्यात गावातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या काचेचा ७.४ टन ढीग सापडला. गावकरी आणि ग्रीनपीसचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात कारखाना बंद पडला. पुढे जे घडले ते मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००३ साली पारा असलेला सुमारे २९० टन कचरा पिंपांत भरून जहाजावर चढवण्यात आला आणि पेनसिल्व्हेनियातील पुनर्प्रक्रिया केंद्रासाठी अमेरिकेला परत पाठवण्यात आला. जिथून पारा आला, तिथेच तो परत गेला. ज्यांनी वर्षानुवर्षे ती वाफ श्वासातून घेतली, त्या ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले.

एवढ्या एका गोष्टीवरून सगळेच कारखाने कडक कायद्यांपासून पळतात, असे म्हणता येणार नाही. कोडाईकनालला मजुरीही स्वस्त होतीच. बहुतेक उद्योगांत प्रदूषण रोखण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो. बाजारपेठ, बंदर, वीज आणि कुशल माणसे यांचे वजन त्याहून जास्त पडते. अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील स्वच्छ हवा कायद्यामुळे तेथील बहुराष्ट्रीय कंपन्यांची परदेशी मालमत्ता ५.३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पण ही वाढ खास करून गरीब देशांकडे वळल्याचे दिसले नाही. म्हणजे नियमांचा परिणाम होतो, पण तो सरसकट होत नाही. ज्या धंद्यात घाण जास्त आणि यंत्रे उचलून नेणे सोपे, तिथे तो होतो. आणि गुंतवणूकदार केवळ कायद्याचे पुस्तक पाहत नाही, तो अंमलबजावणी पाहतो. भारतात जल प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा आणि वायू प्रदूषणाचा १९८१ सालचा. कोडाईकनालचा कारखाना आला त्याआधीचे हे दोन्ही कायदे. कायदा होता, राखण नव्हती.

याच संदर्भात एक आग्रह मांडतो. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत मिळतो. माझ्या मते संपूर्ण अहवाल मराठीत मिळायला हवा, कारण ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे त्याला तो शेवटच्या पानापर्यंत वाचता आला पाहिजे.

हे आज सांगण्याचे कारण आपल्या कोकणात आहे. इटलीतील ट्रिसिनो गावच्या मितेनी कारखान्यातील पीएफएएस रसायनांनी, म्हणजे निसर्गात सहसा न विघटणाऱ्या रसायनांनी, वेनेतो प्रांतातील भूजल दूषित झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा हा प्रश्न होता. २०१८ साली मितेनीचे दिवाळे निघाले. तिची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. २०२५ च्या जून महिन्यात वेनेतोतील विचेन्झा शहराच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. लोट्याच्या कारखान्यावर मी कोणताही आरोप करत नाही. पण ट्रिसिनोत कारखाना साठच्या दशकात सुरू झाला आणि पाण्यातले प्रदूषण उघड झाले ते २०१३ साली. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, या रसायनांसाठी मर्यादा घातलेली नाही. ती घालून लोटे परिसरातील विहिरींचे आणि दाभोळ खाडीचे पाणी आतापासून दरवर्षी तपासले जावे आणि त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, एवढी माझी मागणी आहे.

नमस्कार.