उलुवातूच्या गुहेतून परत कसं यायचं? तापीकाठावरून सांगतो

राम राम मंडळी! सारंगखेड्याला आजोळच्या गच्चीवर उभा आहे, मागे तापी दिसतेय बघा. महिनाभर एकच प्रश्न येतोय, "भाऊ, बालीला चाललोय, उलुवातूला उतरू का?" उलुवातू म्हणजे बालीतली कड्याखालची सर्फिंगची, म्हणजे बोर्डावर उभं राहून लाटा घ्यायची जागा. म्हणून हा व्हिडिओ.

डोक्याएवढ्या लाटेवर सहज वळता येत असेल तरच पुढे बघा. कर्नाटकात मुल्कीला दोन आठवडे सर्फिंग शिकून थेट तिथे जाऊ नका, हात जोडतो. खाली वाळू नाही, प्रवाळाचा खडक आहे. दक्षिण हिंदी महासागरातून आलेली लाट खोल पाण्यातून एकदम उथळ खडकावर चढते, म्हणून ती ताडकन उभी राहते आणि कोसळते. पडताना सपाट पडा, सूर मारू नका, वर येताना हात डोक्यावर. सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, तेव्हा वारा जमिनीकडून असतो. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

खरा मुद्दा गुहेचा. कड्याच्या पायऱ्या उतरायच्या, गुहेतून पाण्यात जायचं आणि त्याच गुहेतून परत यायचं. जाणं सोपं. पण समुद्राकडे तोंड केलं की पाण्याची ओढ उजवीकडे, पाडांग पाडांग या शेजारच्या किनाऱ्याच्या दिशेला असते. भरतीला वाळू उरत नाही, लाटा थेट कड्यावर आपटतात. अशा वेळी लोक गुहेवर बोर्डाचं नाक रोखून पॅडल मारत, म्हणजे पालथं पडून हाताने पाणी कापत, सुटतात. तसं करू नका! ओढ जिकडून येते त्या बाजूला, गुहेच्या बरंच वर जा आणि तिथून आत या.

हिशेब करा. समजा, ओढ सेकंदाला 1 मीटर आहे आणि शेवटच्या टप्प्याला 2 मिनिटं लागली. म्हणजे तुम्ही 120 मीटर खाली गेलात. गुहेचं तोंड काही तेवढं रुंद नाही.

लहानपणी पलीकडच्या टरबुजाच्या वाडीत जायचं असलं की मामा मला आधी काठाकाठाने वर चालवत न्यायचे. पाठीला सुका भोपळा बांधलेला, दोरी काखेत काचायची, आणि मी रोज कुरकुरायचो की वाडी तर समोर दिसतेय. मामा म्हणायचे, "पोऱ्या, पाणीसंगे भांडू नको, वरथीन निंघ." आम्ही वर उतरायचो आणि बरोब्बर वाडीपाशी लागायचो. उलुवातूला वेगळं काही नाही.

एकाने लिहिलंय, "दंडात ताकद असली की झालं." दादा, तीन तास लाटा घेतल्यावर दंडात काय उरतं? पहिल्याच वर्षी मी गुहेवर नाक रोखलं. गुहेतली काळी सावली समोर होती, मग उजवीकडे सरकली, मग मागेच गेली. मी जीव तोडून पॅडल मारत होतो आणि सरकतच होतो. शेवटी परत बाहेर गेलो, मोठा वळसा घालून वर पोहोचलो आणि दुसऱ्यांदा आलो. चुकलात तर हेच करा. कड्याला चिकटून ओढीच्या उलट झुंजू नका, तिथे लाट खडकावर आपटते.

गर्दीचं एकच सांगतो. फुटत्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. कुणाच्या पुढ्यात उतरू नका. वाळूवर त्याने शिव्या पडतात, इथे समोरचा खडकावर जातो. आणि बाहेर पॅडल करत जाताना लाटेवरच्या माणसाच्या वाटेतून कापू नका, फेसातून जा. फेस अंगावर घ्यायला जिवावर येतं, मान्य आहे, तरी फेसातूनच.

पाण्यात शिरण्याआधी कड्यावरच्या टपरीत अर्धा तास बसा. परतणारा एक माणूस निवडा, तो कुठून वळतो आणि कुठे लागतो ते बघा. कड्यावरची एक खूण धरा, झाड किंवा छत, आणि पाण्यातून निघायची वेळ झाली की गुहा शोधू नका, ती खूण शोधा.