बंड्यासाठी लाल माठ

नमस्कार श्रोतेहो. गेल्या जूनमध्ये आम्ही वाइल्डवुडला गेलो होतो. तिथल्या बोर्डवॉकवर माझ्या लेकीने हट्ट करून दोन शंखातले खेकडे घेतले. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना हे दृश्य सांगायला नको: दुकानाबाहेर तारेचा पिंजरा आणि आत रंगीबेरंगी शंख पाठीवर घेतलेले संन्यासी खेकडे. शंखांवर ती भडक चित्रं रंगवणं आधी बंद करायला पाहिजे, रंगाचे पोपडे त्यांच्या पोटात जातात, पण ते असो. हे जीव बहुतेक कॅरिबियन किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात, घरात त्यांची पैदास जवळपास होतच नाही. आणलेत ना, मग नीट जेवायला तरी घाला.

आमच्या दोघांची नावं बंड्या आणि गुंड्या. जुलैत आई आली, गुहागरहून. काचेची पेटी बघून म्हणाली, "अगो, ही तर कुर्ली. आपल्या किनाऱ्यावर फुकट फिरतात. डॉलर मोजून आणलीस?"

पण आठवड्याभरात तीच त्यांना भरवायला लागली. मागच्या अंगणात मी लाल माठ, मेथी आणि चवळी लावली होती, खास या दोघांसाठी. चवळीवर मावा पडला. आईला मावा दिसला आणि ती गप्प बसली, असं होणं शक्य नाही. मी कामावर गेले होते. तिने लसूण-मिरचीचा अर्क केला, त्यात येताना बॅगेतून आणलेलं कडुलिंबाचं तेल घातलं आणि चवळीबरोबर माठावरही सढळ हाताने फवारलं. संध्याकाळी लेकीने त्याच माठाची दोन पानं पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी बंड्या गायब. वाळूचा एक उंचवटा, बस्स. तिसऱ्या दिवशीही तेच. लेक रडायला लागली, आणि मला आईवर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण तिला ते कळलंच. त्या रात्री आईने पानात घेतलेली कोशिंबीरही तशीच ठेवली.

लेक चमचा घेऊन वाळू उकरायला निघाली, तेव्हा तिचा हात धरला तो आईनेच. "उकरू नको गो. कुर्ली कात टाकते तेव्हा बिळात दडते. अंग मऊ असतं, कोणी पण खाईल म्हणून." आणि खरंच, हे खेकडे ओल्या वाळूत खोल जाऊन कवच बदलतात. लहानाला महिना-दीड महिना लागतो, मोठ्याला त्याहून जास्त. जुनं कवच तिथेच खातात, त्यातला कॅल्शियम वाया जाऊ देत नाहीत. उकरलं तर मात्र मरू शकतात.

पण आईला तिचं स्वतःचंच म्हणणं पटत नव्हतं. रोज सकाळी पेटीपाशी उभी राहायची. ऑगस्ट संपत आला, गणपतीआधी तिला घरी परतायचं होतं. विमानाला तीन दिवस राहिले असताना रात्री अडीच वाजता ती पाणी प्यायला उठली आणि तिने आम्हा सगळ्यांना उठवलं. काचेवर खरखर, खरखर. बंड्या! तुकतुकीत, जांभळा, नवाकोरा. आईने अंधारात जाऊन न फवारलेल्या कुंडीतलं माठाचं पान आणलं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, तडक खाऱ्या पाण्याच्या वाटीत जाऊन बसले.

बंड्या वाचला. कडुलिंबाने त्याला काही केलं नाही, की पान त्याने खाल्लंच नव्हतं, देव जाणे. पण कडुलिंब किड्यांचं कात टाकणंच बिघडवतो, आणि त्याच आठवड्यात याला कात टाकायची होती! म्हणून सांगते: जे किड्याला मारतं, ते खेकड्यालाही मारू शकतं. दोघंही संधिपाद, शाळेत शिकलोय आपण. दुकानातल्या भाजीवर 'ऑर्गॅनिक' लिहिलेलं असलं तरी तिच्यावर पायरेथ्रिन, स्पिनोसॅड ही कीटकनाशकं आणि मोरचूद चालतं, नियमातच बसतं. मोरचुदात तांबं असतं, आमच्या सुपारीच्या बागेत पावसाआधी बोर्डो मिश्रण मारायचे त्यातही मोरचूदच. जास्तीचं तांबं खेकडा-कोळंबीला फार बाधतं.

वेळ थोडा राहिलाय, भराभर सांगते. मावा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. वाफ्यांवर बारीक जाळी घाला. वाफ्याला हिरवट, औषध मारलेलं लाकूड नको, त्यात तांबं असतं, आणि 2003 पर्यंतच्या लाकडात आर्सेनिकसुद्धा. घर 1978 च्या आधीचं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं, रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. तोवर कुंड्या बऱ्या. खेकड्यांना गाजर, भोपळा, मका, माठ द्या, अंड्याचं टरफल कुस्करून द्या, कांदा-लसूण नको. आणि शेजाऱ्याच्या लॉनवर फवारणीची पाटी दिसली की त्या दिवशी पानं तोडू नका. लॉन हा प्रकारच मला कळत नाही. ना खाता येत, ना देवाला वाहता येत, आणि औषध मात्र भाजीहून जास्त.

आईचा दर रविवारी फोन येतो. "बंड्या जेवला?" मग गुंड्याची चौकशी, मग नातीची. काचेपलीकडून हात दाखवतायत मला, थांबते. नमस्कार.