गोलावर चढवलेला ऑगस्ट

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीचा सपाट, आयताकृती नकाशा. माउसचा बाण भारताकडे सरकतो.]

निवेदन:
हा पृथ्वीचा नकाशा. रुंदी ८१९२ पिक्सेल, उंची बरोबर निम्मी, ४०९६. यात नाशिक शोधायचं तर डावीकडून साधारण ५७७५ वा ठिपका धरा आणि वरून १५९३ वा. डावी कड म्हणजे १८० अंश पश्चिम, वरची कड म्हणजे उत्तर ध्रुव. नाशिक २० अंश उत्तरेला, पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्वेला. त्रैराशिक मांडलं की ठिपका सापडतो. एक ठिपका जेमतेम पाच किलोमीटरचा. पंचवटी, सातपूर, गंगापूर रोड, नाशिकरोड, सगळं शहर मूठभर ठिपक्यांत बसतं.

[दृश्य: नकाशा गुंडाळला जातो, त्याचा गोल होतो, गोल फिरू लागतो.]

सेलेस्टिया हे संगणकावर अवकाशाची सफर घडवणारं, २००१ पासून चालत आलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्यातला प्रत्येक ग्रह मुळात कोरा गोल असतो. मंगळ तांबडा दिसतो, गुरूवर पट्टे दिसतात, ते त्या गोलावर चढवलेल्या चित्रामुळे. या चित्राला टेक्श्चर म्हणतात, आणि ते कुणालाही बदलता येतं.

नाशिकमधल्या अकरावीतल्या एका मुलीनं ते बदलायला घेतलं, ते तक्रारीपोटी. पृथ्वी फिरवता फिरवता तिनं भूगोलाच्या सरांना विचारलं, "सर, यांच्याकडे पाऊस पडतच नाही का? आपला सह्याद्री बाराही महिने असाच वाळलेला?"

प्रश्न रास्त होता. एक चित्र म्हणजे एकच ऋतू.

[दृश्य: पश्चिम घाटाचे दोन तुकडे शेजारी शेजारी. एक मे महिन्याचा, एक सप्टेंबरचा.]

नासानं २००५ साली 'ब्लू मार्बल नेक्स्ट जनरेशन' ही चित्रमाला खुली केली. टेरा उपग्रहानं २००४ मध्ये टिपलेल्या माहितीवरून केलेले बारा महिन्यांचे बारा नकाशे, एका पिक्सेलला ५०० मीटर. मे उघडला की त्र्यंबकपासून इगतपुरीपर्यंत मातकट तपकिरी. सप्टेंबर उघडला की घाटमाथ्यावर हिरवा पट्टा, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे जाताना तो हिरवा विरत जातो. पर्जन्यछाया हा शब्द पाठ केलेल्या मुलीला ती इथे दिसली.

ऑगस्टचा नकाशा मात्र जरा गमतीचा आहे. त्यात ढगच नाहीत. इगतपुरीच्या माणसाला विचारा, ऑगस्टात असं आकाश कधी पाहिलंय का म्हणून! अनेक दिवसांची निरीक्षणं घ्यायची, ढग वगळायचे, उरलेले तुकडे जुळवायचे, असा हा नकाशा बनतो. या चित्रातली पृथ्वी कुठल्याही एका क्षणी, कुणाच्याही डोळ्यांना अशी दिसलेली नाही. सेलेस्टियात ढगांचं टेक्श्चर वेगळंच असतं, जमिनीच्या वर थोड्या उंचीवर तरंगणारं. कीबोर्डवरचं आय दाबलं की ढग जातात, पुन्हा दाबलं की येतात. वरुणराजा एवढा आज्ञाधारक आणखी कुठे मिळणार?

[दृश्य: फोल्डरची यादी. 'एक्स्ट्राज' नावाच्या फोल्डरमध्ये नवा फोल्डर तयार होतो.]

मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. आपलं चित्र 'एक्स्ट्राज' फोल्डरमध्ये ठेवायचं आणि सोबत एसएससी प्रकारची एक छोटी मजकूर फाइल लिहायची. हे चित्र पृथ्वीचा पर्यायी पृष्ठभाग आहे, एवढंच त्या फाइलनं सांगायचं. मग पृथ्वीवर उजवं क्लिक केलं की यादीत मे, ऑगस्ट, सप्टेंबर अशी नावं येतात. काही बिघडलं तर फोल्डर काढून टाकायचा. जुनी पृथ्वी शाबूत.

खरी अडचण कॉलेजातल्या जुन्या संगणकांची. चित्राची जेपीईजी फाइल काही एमबींचीच असते, पण ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ती उलगडते. ८१९२ गुणिले ४०९६, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एकट्या पृथ्वीला सुमारे १३ कोटी ४० लाख बाइट. त्यावर ढग, रात्रीचे दिवे, समुद्राची चकाकी, प्रत्येकाचं चित्र निराळं. म्हणून डीडीएस हा चित्रफाइलीचा प्रकार वापरायचा. तो मेमरीतही दाबलेलाच राहतो, कडा थोड्या खरबरीत होतात, पण पृथ्वी अडखळत नाही.

[दृश्य: गोदावरीचं खोरं. नाशिकपासून पैठणपर्यंत.]

समुद्राच्या चकाकीचं चित्र काळं-पांढरं असतं. पांढरं तिथे पाणी, तिथे सूर्य चमकतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी या आकारात दिसत नाही, गंगापूर धरण ठिपक्याएवढं. पैठणचा नाथसागर मात्र ठसठशीत उमटतो. नाशिकचं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. पडद्यावर तो जायकवाडीनं जिंकलाय.

मग उंची. डोंगरांना उठाव देण्यासाठी आणखी एक चित्र लागतं. त्यात कळसूबाई उठून दिसावं असं तिला वाटत होतं, ते काही जमेना. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. पण पृथ्वीचा एक मीटर व्यासाचा गोल केला, तर त्यावर कळसूबाई भरेल मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. डोळ्यांना तो उठून दिसणारच नाही. पृथ्वीवर डोंगर दिसतात तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी उठाव वाढवलेला असतो. तिनंही वाढवला, आणि किती पटीनं ते फाइलमध्ये लिहून ठेवलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच.

[दृश्य: शुक्राचा नारिंगी गोल, त्यानंतर युरेनसचा चंद्र मिरांडा.]

कारण पृथ्वी सोडून पुढे गेलं, की मोजलेलं किती आणि भरलेलं किती हे कळेनासं होतं. शुक्राचा पृष्ठभाग मॅगेलन यानानं १९९० ते १९९२ या काळात रडारनं टिपला. रडारला रंग कळत नाही. तो ओळखीचा नारिंगी नंतर दिलेला आहे, १९८२ साली शुक्रावर उतरलेल्या व्हेनेरा यानांच्या छायाचित्रांचा आधार घेऊन.

मिरांडाचं तर अर्धं अंगच ठाऊक नाही. व्हॉयेजर २ जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेलं, तेव्हा मिरांडाचा दक्षिण गोलार्ध उन्हात होता आणि उत्तर गोलार्ध बहुतांश अंधारात. त्यानंतर तिकडे एकही यान गेलेलं नाही. तरीही मिरांडाची सबंध विवरांनी भरलेली टेक्श्चर सर्रास सापडतात. दक्षिणेचे तुकडे उचलून उत्तरेला चिकटवलेले.

तिनं उत्तरेचा भाग सपाट करडा ठेवला. सर म्हणाले, "अगं, प्रदर्शनात लोक विचारतील, काम अर्धवट का सोडलंय."

"विचारू देत ना, सर. मग सांगता येईल."

शेवटी दोन्ही चित्रं ठेवायचं ठरलं. मिरांडावर उजवं क्लिक केलं की यादीत आता दोन नावं येतात. वर 'मोजलेली', खाली 'सजवलेली'.