केसपेपरवरचा दुसरा रकाना

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या भाषणाचा विषय छापलाय ‘अल्पवयीन रुग्ण, संमती आणि कायदा’. तिकडे येतोच. त्याआधी मुलांच्या मानसोपचार ओपीडीतल्या केसपेपरशी असलेलं माझं जुनं भांडण उरकून घेतो.

पहिला रकाना मुलाचं नाव, दुसरा लगेच वडिलांचं. म्हणजे कुटुंब कशाला म्हणायचं हे छापखान्यानेच ठरवून टाकलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्याने आईचं नाव सक्तीचं केलं. ओपीडीत मात्र एकटी आई तो रकाना बघून अजूनही पेन खाली ठेवते. शेजारी बसलेलं मूल ते बघत असतं. तपासणी तिथेच सुरू झाली, आपण आत बसून पुढचा नंबर पुकारतोय.

समजा, आठ वर्षांची मुलगी आहे. आई दुबईत नोकरीला, वडिलांचा दुसरा संसार, मुलगी आजी-आजोबांकडे. दर रविवारी संध्याकाळी पोट दुखतं. केसपेपरवर ओळ पडते, ‘आईवडील विभक्त, त्यामुळे चिंता’. झालं निदान, चहाला मोकळे! (हसू नका, पुढच्या रांगेतल्यांनी तरी.) अहो, आईवडील वेगळे होऊन चार वर्षं झाली आणि पोट दुखतंय सहा आठवडे. या सहा आठवड्यांत काय बदललं? शाळेत नव्या बाई आल्या, आणि सोमवारी पहिल्या तासाला उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. मुलीला जोडाक्षरं फुटत नाहीत. घटस्फोट दारातूनच दिसतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, दिसायला पुस्तक उघडून समोर ठेवावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं जेनोग्रामला, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांच्या नकाशाला, द्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, घटस्फोटाला जोडरेषेवर दोन तिरक्या रेघा. एका छपराखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ. मूल दोन घरांत राहत असेल तर दोन्ही घेरांत घ्या. मग रोजचं विचारा. सकाळी कोण उठवतं? डबा कोण भरतं? ताप आला तर रात्री कोणाला हाक मारते? दोन आया असलेल्या घरात ‘खरी आई कोण?’ हा प्रश्न मुलासमोर तोंडातून निघता कामा नये. ‘तू यांना काय म्हणतोस?’ एवढ्याने काम होतं.

मुलाच्या वागण्या-भावनांतल्या अडचणी मोजणाऱ्या एसडीक्यू प्रश्नावलीचंही तेच. पंचवीस विधानं, मागच्या सहा महिन्यांच्या वागण्यावर. मावशीकडे मूल येऊन दोनच महिने झाले असतील तर मावशी उरलेले चार महिने ऐकीव माहितीवर भरते, आणि आपण बेरीज करून गुण काढतो. आधी कोण सांभाळत होतं ते शोधा, शिक्षकांची प्रत वेगळी भरून घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर, कायदा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. अल्पवयीन रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, हा कायदेशीर पालक. कितीही वर्षं सांभाळणारी आजी आपोआप पालक होत नाही. लक्षणं तिच्याकडूनच घ्या, पण औषधाची संमती दुबईतल्या आईशी बोलून आणि लेखी मागवून घ्या. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. मंडळ दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकतं.

दाखल करणं अपवादानेच, कलम ८७. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, स्वतंत्रपणे तपासायचं, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. प्रौढांपासून वेगळी जागा. सोबतीला प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर स्त्री सोबतीण हवी. मंडळाला ७२ तासांत कळवायचं, मुक्काम ३० दिवस झाला तर लगेच पुन्हा.

शेवटचं, घाईघाईत. ताब्याचा खटला चालू असताना एक पालक ‘एवढं पत्र द्या’ म्हणत येतो. पत्रात भेटीच्या तारखा, आपण स्वतः पाहिलेली लक्षणं आणि चालू उपचार, बस. मूल कोणाकडे राहावं हे उपचार करणाऱ्याने लिहायचं नाही. त्यासाठी न्यायालय स्वतंत्र तज्ज्ञ नेमू शकतं. ते एक वाक्य लिहिलंत, की दुसरा पालक मुलाला तुमच्याकडे आणणं थांबवतो.