पडवीतली पोरं

मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नसलेली माणसं दिसायला लागली म्हणून तुम्ही घाड्याकडे गेलात, गाऱ्हाणं घातलंत, तर माझं त्याच्याशी भांडण नाही. अंगारा लावून कोणाचा मेंदू बिघडत नाही. माझं भांडण आहे ते "आजोबा रात्री बडबडतात, शांत व्हायचं काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या गोळीशी. तिथवर पोचायचं तर आधी थोडं मेंदूत शिरावं लागेल.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसराळूपणा आठवतो, म्हणजे अल्झायमर. लेवी बॉडी डिमेन्शिया हा वेगळा आजार. यात सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत असू शकते. आजोबा सकाळी आंब्याच्या पेट्यांचा हिशोब चोख सांगतात, दुपारी शून्यात बघत बसतात आणि तिन्हीसांजेला सुनेला म्हणतात, "पडवेत पोरां बसली हत, तेंका जेवूक वाढ." दिसतं तेही अंधुक सावलीसारखं नव्हे. अख्खी माणसं, लहान मुलं, कुत्री-मांजरं. झग्याचा रंगसुद्धा सांगतील. बहुतेक वेळा ती पोरं बोलत नाहीत आणि पुष्कळदा आजोबांना त्यांची भीतीही वाटत नाही. भीती वाटते ती घरच्यांना. मग देवचार, मूळपुरुष, कोणाचं काय राहिलं, ही चर्चा सुरू होते आणि डॉक्टरला यातलं काहीच सांगितलं जात नाही. "जरा विसरतात" एवढंच सांगतात. निदान चुकतं ते इथे.

फ्रेडरिक लेवी यांनी 1912 साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोल गोळे पाहिले; त्यांनाच लेवी बॉडी म्हणतात. पुढे जपानचे केंजी कोसाका यांनी 1976 पासून दाखवलं की डिमेन्शियाच्या काही रुग्णांत हेच गोळे मेंदूच्या बाहेरच्या थरातही पसरलेले असतात. ते मुख्यतः कशाचे, हे कळायला मात्र 1997 उजाडलं: अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन. 140 अमिनो आम्लांची साखळी. एरवी मज्जापेशींच्या टोकांशी, रसायनं सोडली जातात तिथे, ती गुमान असते. आजारात तिची घडी चुकते, रेणू एकमेकांना चिकटतात. नारळाचा रस जास्त उकळला की फुटतो ना, तसंच: बाहेरून काही पडलेलं नसतं, आहे त्याचंच रूप बदलतं. अल्झायमरमधली प्रथिनं वेगळी, अमिलॉइड आणि टाऊ. पण एकाच मेंदूत तिन्ही सापडणं काही दुर्मीळ नाही, आणि टाऊ फार असेल तर आजाराचं हे ठरावीक रूप झाकलं जातं.

आता गंमत बघा. डोक्याच्या मागच्या बाजूला, पाहण्याचं काम जिथे चालतं, तिथे हे गोळे फारसे नसतात. तरी तपासणीत तो भाग मंदावलेला दिसतो, साखर कमी वापरतो. गोळ्यांची दाटी असते कानशिलाच्या आत, अमिग्डाला नावाच्या भागाच्या आसपास. ज्यांना असं दिसत होतं त्यांच्या मेंदूत तिथे ते जास्त सापडले आहेत. शिवाय मेंदूच्या तळाशी अ‍ॅसिटिलकोलीन पुरवणाऱ्या पेशी मरतात. डोळ्यांनी आणलेली खबर ठळक ठेवण्याचं काम या रसायनाचं. ते आटलं की खबर फिकी पडते आणि मेंदू आपल्या साठ्यातली चित्रं तिथे भरतो, असा आजचा अंदाज आहे. उजेड कमी झाला की पोरं जास्त येतात, ती बहुधा यामुळेच.

आता त्या गोळीकडे येऊ. हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं मेंदूतलं डोपामिन नावाचं, हालचालींना लागणारं रसायन अडवतात, आणि या आजारात डोपामिन आधीच कमी असतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये दाखवलं, की अशी औषधं दिलेल्या या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तीव्र त्रास झाला: अंग ताठरणं, गुंगी, जीवावर बेतणं. चालता माणूस खाटेला लागतो आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. उलट अ‍ॅसिटिलकोलीन टिकवणारं रिव्हास्टिग्मिन 2000 सालच्या चाचणीत भास कमी करताना दिसलं. म्हणजे औषध आहे, पण ते वेगळं आहे.

दिसतं ते सगळं लेवीच असं मात्र धरू नका. दोन दिवसांत अचानक सुरू झालं तर आधी लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. मोतीबिंदू पिकलेल्या शहाण्यासुरत्या माणसालाही चित्रं दिसतात; फक्त ती खरी नाहीत हे त्याला सहसा ठाऊक असतं.

घरी काय करायचं? वाद घालू नका. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला दिसतायत ना, बसू देत," एवढं पुरतं. तिन्हीसांजेआधी पडवीत दिवा लावा, खुंटीवरचा सदरा काढा. आजोबा झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे का, हे आजीला विचारा. आजाराच्या कित्येक वर्षं आधीपासून हे असू शकतं आणि ते फक्त तिलाच ठाऊक असतं. डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. सर्दीच्या आणि कंप थांबवायच्या काही गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीनचं काम आणखी अडवतात, त्याही पिशवीत टाका. मुंबईहून चाकरमान्याने पाठवलेल्यासुद्धा.