काटा का पयून चालला?

(पहाट. आरोग्य केंद्राच्या बाहेर तुरीवर धुकं.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डिसेंबरची थंडी. आत आत्ताच एक मुलगी जन्मली आहे. सिस्टरनं तिला कोरडं पुसलं, टोपडं घातलं आणि आईच्या उघड्या छातीवर पालथं निजवलं. वरून दोघींना मिळून एकच चादर.

दारातून आजीचा आवाज येतो, "लेकराचं वजन नाही केलं का वं?"

"करतो ना आजी. काटा का पयून चालला?"

(जवळून. बाळाचे हात.)

सिस्टरनं सगळं अंग पुसलं, हात मात्र मुद्दाम तसेच ठेवले. त्यांना अजून गर्भजलाचा वास आहे. स्तनाग्राभोवतीच्या ग्रंथींतून येणारा वासही त्याच जातीचा. मुलगी मूठ चोखते, थांबते. मग पाय रोवून इंचभर वर सरकते, दमते, पडून राहते. कुणी ढकलत नाही. नवजात बाळ असं स्वतःच स्तनापर्यंत पोचतं, हे स्वीडनच्या संशोधकांनी 1987 मध्ये नोंदवलं. आपल्याकडे बघायला सवड नव्हती. पोर जन्मलं की उचलून न्यायची घाई.

अर्धा तास होतो. पाऊण तास. तोंड लागतं.

बाळ ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. त्यानं दूध उतरतं, गर्भाशय आकसतं, रक्तस्राव आटोक्यात राहायला मदत होते. मुलगी वर बघते. या वयात तिला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दिसतं. छातीपासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर.

"माय वं, कशी टकमक पाहून रायली!"

आजीच्या पदराआड मधाची बाटली आहे. सिस्टर ती हसत हसत बाजूला ठेवून घेते. मधातले जंतू एवढ्याशा आतड्याला झेपत नाहीत. आणि आमची गंमत अशी, की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस अर्ध्या गावात वाटायचा, अन् बाईचा चीक 'जड' म्हणून पिळून टाकायचा!

विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ऊब आणि अंगावरचं दूध हे त्यातले पहिले धडे. 39 गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज बाळंतिणीच्या दारी जाणाऱ्या आशाताईंचं काम त्याच वाटेवरचं.

सिझर झालं, बाळ काचेच्या पेटीत गेलं, पहिला तास हुकला, म्हणून माया आटत नाही. नंतर छातीशी घेतलं तरी चालतं. बापानं घेतलं तरीही.

(वजनकाटा.)

तासाभरानं सिस्टर मुलीला उचलते. दोन किलो सहाशे. गार काट्यावर पाठ टेकताच मुलगी भोकाड पसरते.

"द्या वं इकडं," आई म्हणते.